न फुटलेलं पिंप

मी पिंप बोलतोय. हेरिंग मासे खारवायचं, ओक लाकडाचं, चार लोखंडी कड्यांचं जुनं पिंप. सध्या मला ज्या संग्रहालयात ठेवलंय तिथे माझ्याभोवती दोरी बांधलीय आणि समोर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. ती पाटी वाचून मला हसू येतं. जन्मापासून मला येणाऱ्याजाणाऱ्याने हातच लावला, आणि बहुतेक वेळा त्या हातात सोटा होता.

माझा जन्मच आगीवर झाला. कारागिराने एकोणीस फळ्या एका कडीत उभ्या केल्या, मधे शेगडी पेटवली, आणि लाकूड तापून नरम पडल्यावर घणाचे घाव घालत एकेक कडी खाली उतरवली. लाकडाला वाकायचं नसतं, ते करकरतं. "कर किती कुरकुर करायची ती, वाकणार तर आहेस," असं म्हणत तो हाणत राहिला. मी वाकलो. पुढे चार हिवाळे बंदरावर पोटं फाडलेले मासे आणि मीठ घेऊन उभा होतो. तो वास अजून माझ्या फळ्यांत आहे. दमट हवेत इथला रखवालदार नाक मुरडतो.

मग मासे पत्र्याच्या डब्यांत यायला लागले आणि आम्ही बेकार झालो. क्रिलेस नावाच्या कोबीच्या शेतकऱ्याने बंदरावरून सहा पिंपं उचलली, त्यात मी होतो. क्रिलेस म्हणजे कोपनहेगनला लागून असलेल्या अमागर बेटावरच्या आमच्या गावातल्या घोडेस्वार मंडळाचा प्रमुख. उंच, लाल मानेचा, चारचौघांत हसतमुख. घरात त्याचा हात चालायचा. मुलगा डिर्क बारा वर्षांचा, मुलगी ग्रीथ दहाची. बायको मार्केन नवऱ्याचा आवाज चढला की भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी.

पिंपं कशाला आणली ते सांगतो. ख्रिस्ती उपवासाचे दिवस सुरू होण्याआधी फास्टेलाव्नचा सोमवार येतो. त्या दिवशी आमच्याकडे घोड्यावर बसून पिंप फोडतात. पिंप दोन खांबांमधे दोरीला टांगायचं, खालून घोडा दौडवत जायचं आणि जाताजाता सोटा हाणायचा. ज्याच्या टोल्याने शेवटची फळी पडेल तो वर्षभराचा राजा, त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. पूर्वी म्हणे पिंपात जिवंत काळं मांजर कोंडायचे. आता मांजर पिंपावर रंगवतात आणि आत संत्री भरतात. आपण किती सुधारलो, असं गावाला वाटतं.

आणखी एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. आदल्या दिवशी पिंपाला आतून करवतीने चिरा पाडून ठेवतात. नाहीतर दिवे लागेपर्यंत हाणलं तरी ते फुटायचं नाही.

क्रिलेसने मला पारखायला एक टोला दिला. सोटा त्याच्याच हातातून उडाला. "ह्याला फोडायला तोफ लागेल," तो म्हणाला, आणि पाइनच्या हलक्या पाच पिंपांना मान देऊन मला गोठ्यामागच्या पडवीत टाकलं, कोबी आंबवायला. खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. बँड वाजतोय, घोडे फुरफुरताहेत, आणि लोकांसमोर आपल्या चिंध्या होताहेत, यासारखं मरण पिंपाला दुसरं नाही. माझ्या नशिबी मीठ आणि वर धोंडा.

त्या पडवीतच ग्रीथ पिंपं रंगवायची. पोरीचा हात चांगला म्हणून बापाने ते काम तिला दिलं होतं. "बारीक नक्षी नको," तो बजावायचा. "दौडत्या घोड्यावरून दिसलं पाहिजे. काळी जाड रेघ, भडक रंग, बास." ती माझ्या झाकणावर बसायची आणि समोरच्या पिंपावर मांजर काढायची. एकदा पिवळा रंग पुरेना. तिने कोबीचं बी चाळायची बापाची चाळणी पिंपावर धरली आणि भोकांवरून रंगाचा बोळा दाबत गेली. नुसते ठिपके उमटले, पण दहा पावलं मागे गेल्यावर मांजर भरीव पिवळं दिसलं. ती पुन्हा जवळ आली, पुन्हा मागे गेली. त्या दिवशी तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं.

पुढे मोठमोठ्या लोकांनी ह्या रेघेवर आणि ठिपक्यांवर पुस्तकं लिहिली. चाळणीचं नाव त्यात कुठेच नाही.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या फास्टेलाव्नला क्रिलेस लागोपाठ तिसऱ्यांदा राजा होणार हे ठरल्यासारखंच होतं. मी पडवीत होतो, पण ही हकिगत गावाने इतक्यांदा सांगितली की मला ती पाठ आहे. शेवटची फळी दोरीला लोंबत होती. रांगेत पुढचा घोडा डिर्कचा, त्यामागे क्रिलेस. डिर्क पाणी प्यायला खाली उतरला तेवढ्यात ग्रीथने त्याची उंच टोपी डोक्यावर दाबली, घोड्यावर चढली, आणि आमच्याकडे बायका ह्या रांगेत कधी येत नाहीत हे माहीत असूनही तिने घोडा सोडला. तिने दोन्ही हातांनी सोटा फिरवला. फळी पडली, टोपी पडली आणि दोन वेण्या बाहेर आल्या.

गाव पोट धरधरून हसलं. "क्रिलेस, राणीसाहेबांना मुजरा कर रे," कोणीतरी ओरडलं. क्रिलेसही हसला. गावासमोर तो हसायचाच.

ती पळत पडवीत आली. आदल्या आठवड्यातच मला रिकामं केलं होतं. ती आत शिरली, अंगाची घडी केली आणि झाकण ओढून घेतलं. तिचं काळीज माझ्या फळ्यांवर धडधडत होतं. थोड्या वेळाने बूट वाजले. क्रिलेस होता, हातात सोटा तसाच. मागे डिर्क.

"कुठाय ती?"

 डिर्कने माझ्याकडे बोट केलं.

"असं होय," क्रिलेस गमतीच्या आवाजात म्हणाला. "पिंपात मांजर शिरलंय वाटतं." आणि त्याने सोटा उगारला.

पहिल्या टोल्याला ती ओरडली. दुसऱ्याला ओरडली. तिसऱ्यानंतर तिने आवाज बंद केला, त्याने तो जास्तच पेटला. मार मला बसत होता, पण लाकूड मार पोटात ठेवत नाही, तो आतल्याला देतं. तिचं डोकं एका बाजूने आपटायचं, मग दुसऱ्या बाजूने. सातव्या टोल्याला माझी तिसरी कडी तडकली आणि तिचा खिळा फटीतून आत घुसून पोरीचा खांदा फाडत गेला. रक्ताचा वास माशांच्या वासात मिसळला. अकरा टोले. मी मोजले. मी फुटलो नाही. ओक असल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि तेव्हाच लाजही वाटली, कारण फुटलो असतो तर तिला निदान पळता तरी आलं असतं.

डिर्क दारात उभा होता. शेवटपर्यंत उभा होता.

मग क्रिलेसने कोबीवरचा धोंडा माझ्या झाकणावर ठेवला आणि स्वारांबरोबर कॉफी आणि क्रीमचे पाव खायला गेला. दुपारभर ती आत होती. माझ्या बुचाच्या भोकातून बोटभर उजेड यायचा. तिने केसातला आकडा काढला आणि त्या उजेडात माझ्या आतल्या अंगावर ओरखडायला सुरुवात केली. तळहाताएवढं मांजर. हसणारं. काढता काढता तिचा श्वास सरळ झाला. दूध काढायच्या वेळेला मार्केन आली, तिने धोंडा उचलला, खांदा धुतला आणि म्हणाली, "कोणाला सांगत बसू नकोस. तमाशा आधीच पुरेसा झालाय."

सतराव्या वर्षी ग्रीथने घर सोडलं. बरोबर एक पिशवी, ती चाळणी आणि मी. दूधवाल्याच्या गाडीत मला चढवताना क्रिलेस म्हणाला, "ते खोकं कशाला नेतेस?" ती म्हणाली, "बसायला."

कोपनहेगनमधे ती आधी किराणा दुकानांच्या काचा रंगवायची. मार्गारीनचा नवा पुडा, टोमॅटोतल्या बांगडा मासळीचा डबा, साबणाची पूड आणि तो पुडा छातीशी धरून हसणारी बाई. कलाशाळेतल्या गुरुजींनी तिची कामं पाहिली आणि म्हणाले, "बाळ, ही चित्रं नाहीत, ह्या पाट्या आहेत." ती घरी आली, माझ्यावर बसली आणि बराच वेळ टाचांनी मला ठोकत राहिली. मग उठून पाइनचं एक पिंप आणलं, त्यावर तीच साबणवाली बाई रंगवली. काळी जाड रेघ, चाळणीचे ठिपके, चारच रंग. आतून चिरा पाडल्या, दोरीला टांगलं आणि रस्त्यावरून दोन गोदी कामगार बोलावून म्हणाली, "फोडा."

त्यांनी फोडलं. तिने फळ्या गोळा केल्या आणि पाटावर चुकीच्या क्रमाने ठोकल्या. बाईचा जबडा कपाळावर गेला, डोळा हनुवटीखाली आला, पण दात तसेच. ग्रीथचं सगळं काम पुढे चाळीस वर्षं हेच होतं. ओळखीचं, हसरं, दुकानातलं काहीतरी घ्यायचं, पिंपावर मोठं करायचं, माणसांकडून फोडून घ्यायचं आणि उलटसुलट जोडायचं. मधूनच लाल अक्षरांत तुटका 'धडाम'. कोपऱ्यात कुठेतरी मांजर. हसू मात्र कधी तुटलं नाही तिच्या चित्रात.

सत्याऐंशी साली दिव्यांच्या बंद कारखान्यात तिचं पहिलं प्रदर्शन लागलं. पाहुण्यांसमोर पिंप फुटलं, ढलप्या उडाल्या, बायका किंचाळल्या आणि मग टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, किती ताजं, किती गमतीदार. हॅम्बुर्गला फोडणाऱ्याच्या हातचा सोटा सुटून पहिल्या रांगेतल्या गृहस्थाचं नाक मोडलं, तर तो कार्यक्रमाचाच भाग समजून लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तो बिचारा रक्त पुसत वाकून नमस्कार करत होता. रॉटरडॅम झालं, लंडन झालं. तिच्या मांजराचे कप निघाले, छत्र्या निघाल्या, आंघोळीचे पंचे निघाले. पाइनच्या पिंपांना भिंती मिळाल्या, दिवे मिळाले. मी तिच्या बुडाखाली.

जळायचो मी त्यांच्यावर. का नाही जळायचं? एकदा एका बाईने मुलाखतीत तिला विचारलं, "तुम्ही स्वतः का नाही फोडत?" ग्रीथ माझ्यावर बसूनच म्हणाली, "मी रंगवते. मारायला माणसं खूप मिळतात." आणि तिचा हात आपसूक खांद्यावर गेला. बाईने ते लिहून घेतलं नाही.

मग परवा परवा, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, क्रिलेस तिच्या स्टुडिओत आला. एकोणनव्वद वर्षांचा, चाकाच्या खुर्चीत, खुर्ची ढकलायला डिर्क. डिर्क आता साठीचा, मंडळाचा प्रमुख. म्हातारा भिंतीवरची चित्रं बघत म्हणाला, "सगळ्या जगाची तोंडं रंगवलीस. बापाचं कधी रंगवलं नाहीस."

 ग्रीथ माझ्यावरून उठली. "रंगवते की. ह्याच्यावर रंगवते. आणि फास्टेलाव्नला गावातच फोडू."

म्हाताऱ्याने काठीने मला टोकरलं. "अजून आहे होय हे? ह्याला फोडायला तोफ लागेल." तो खूश होऊन हसला. त्याला आठवत नव्हतं की आठवत नसल्यासारखं करत होता, ते मला अजून कळलेलं नाही. डिर्क जमिनीकडे बघत होता.

तीन आठवडे ती माझ्यावर काम करत होती. चाळिशीतला क्रिलेस, टोपी घातलेला, दात दाखवून हसणारा, गालांवर त्याच चाळणीचे गुलाबी ठिपके. शेवटी मी रंगलो. माझी पाळी आली ह्या आनंदात तोंड कोणाचं आहे ते मी मनावर घेतलं नाही. शनिवारी तिने मला डिर्ककडे पोचवलं. "आतून चिरा पाड. ओक आहे, खोल पाडाव्या लागतील."

"पाडतो," डिर्क म्हणाला.

त्याने मला आडवं केलं, बूड सोडवलं आणि एका हातात विजेरी, दुसऱ्यात करवत घेऊन डोकं आत घातलं. उजेड फळ्यांवरून फिरला आणि एका जागी थांबला. आकड्याने ओरखडलेलं मांजर. आजूबाजूला काळे पडलेले डाग. करवत त्याच्या हातून खाली पडली. तो माणूस तसाच, अर्धा माझ्यात अर्धा बाहेर, हमसून हमसून रडला. मग त्याने बूड पुन्हा बसवलं आणि करवत भिंतीला टांगली. एकही चीर पाडली नाही. आणि बहिणीला तेही सांगितलं नाही. त्या घरात न सांगण्याची सवय अशी मुरलेली होती.

सोमवारी गाव लोटलं. बावीस स्वार, पांढरे सदरे, घोड्यांच्या आयाळीत कागदी फुलं. क्रिलेस सगळ्यात पुढे, मांडीवर घोंगडी, हातात क्रीमचा पाव. पहिला स्वार आला आणि हाणून गेला. सोटा परत उसळला. दुसरा, तिसरा. पहिल्या फेरीत माझ्या अंगावरून रंगाच्या खपल्या उडाल्या, दुसरीत एका जवान पोराचं मनगट मुरगळलं, तिसरीपर्यंत चार सोटे मोडले. क्रिलेसचा पुढचा एक दात निघाला, चित्रातला. मी लोंबकळत होतो, गरगरत होतो, प्रत्येक टोल्याला वाटायचं आता सुटलो. आयुष्यभर ज्यासाठी झुरलो ते चाललं होतं, आणि मी फुटत नव्हतो.

"मारा रे," क्रिलेस ओरडला. "पावाला लोणी लावताय का?"

डिर्क तीनही वेळा नुसता स्पर्श करून गेला होता. चौथ्या फेरीला म्हातारा त्याच्यावर खेकसला, "डिर्क, कुरवाळतोस काय त्याला? हात मोडलेत का?" डिर्कचं तोंड पांढरं पडलं. त्याने घोड्याला टाच मारली आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा सगळा जोर लावून हाणलं. सोटा माझ्या लोखंडी कडीवर बसला, उलटला आणि त्याच्याच तोंडावर आला. हाड वाजल्याचं मी वरून ऐकलं. तो घोड्यावरून चिखलात पडला, दोन दात बाहेर, सदरा लाल.

ग्रीथ धावत आली आणि गुडघ्यावर बसली. तो तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "करवत नाही चालवली मी. आत तुझं मांजर आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे. मग चिखलातला सोटा उचलला आणि त्याच्या घोड्याचा लगाम धरला.

"ग्रीथ, अगं, नियमाप्रमाणे..." एक स्वार म्हणायला लागला आणि थांबला.

"सोड तो घोडा, पोरी," क्रिलेस म्हणाला. "पुरे झाला तमाशा."

अठ्ठावन्न वर्षांची बाई धापा टाकत घोड्यावर चढली. घोडा तिने दौडवला नाही, चालवत आणला. माझ्यावर ती उभं आयुष्य बसलेली, माझी दुखरी जागा तिला ठाऊक होती. तिसरी कडी, जिथे ती सातव्या टोल्याला तडकली होती. तिने दोन्ही हातांनी सोटा फिरवला आणि तिथे हाणलं. कडी तुटली. पुन्हा हाणलं. एक फळी, बापाच्या हसऱ्या तोंडाची, उभी फाटून खाली पडली.

संत्री पडतील म्हणून पोरं पुढे सरसावली. काही पडलं नाही. ग्रीथने घोडा माझ्याखाली थांबवला आणि फटीतून आत बघत राहिली. कितीतरी वेळ.

"काय निघालं आतून?" क्रिलेसने विचारलं. हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न, थट्टेचा.

"मी होते आत, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही अकरा टोले मारलेत. आता कोणी नाही."

मला वाटलं होतं, मोजणारा मी एकटाच.

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणीतरी हसेल म्हणून. "गंमत केली होती गं ती," तो म्हणाला.

"गंमत नव्हती," डिर्क चिखलातून उठत म्हणाला. फुटलेल्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते, म्हणून त्याने ते दोनदा म्हटले. "गंमत नव्हती बाबा. मी दारात होतो. मीच बोट दाखवलं होतं."

 पुढचा स्वार रांगेत होता, त्याने सोटा खाली टाकला. म्हाताऱ्याच्या ओठावर क्रीम लागलं होतं, ते कोणी पुसलं नाही, आणि थोड्या वेळाने शेजारच्या बाईने त्याची खुर्ची घराकडे वळवली. शेवटची फळी पडलीच नाही, म्हणून त्या वर्षी गावाला राजा नव्हता.

क्रिलेस पुढच्या हिवाळ्यात गेला. ग्रीथने मला जोडलं नाही, उलटसुलटही केलं नाही. आहे तसं इथे आणून ठेवलं, अठरा फळ्यांचं. एकोणिसावी डिर्ककडे आहे. आता ती पिंपं फोडून घेत नाही. घोडे रंगवते, नुसते घोडे, आणि त्यांवर वेण्यावाल्या पोरी. लोक म्हणतात पहिल्यासारखी मजा राहिली नाही. कधीतरी ती येते, दोरी ओलांडून माझ्यावर टेकते, आणि रखवालदार दुसरीकडे बघतो.

फुटायचं माझं राहूनच गेलं. पण माझ्या फटीला डोळा लावून पोरं आतलं मांजर बघतात, आणि एखादं आईला विचारतं, हे आत बसून कोणी काढलं. तो प्रश्न ऐकला की फुटायचं राहिल्याचं मला काही वाटत नाही.

तुम्हीही हाणा हवं तर. पिंपं त्यासाठीच असतात, आमची तक्रार नाही. फक्त सोटा उगारण्याआधी एकदा खाली वाका आणि विचारा, आत कोणी आहे का. आणि विचारल्यावर जरा थांबा. आतल्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.